वेधशाळेची वाट

बारावीचा निकाल लागला की मिरा रोड आणि भाईंदरच्या क्लासेसबाहेर तीच तीच नावे ऐकू येतात: जेईई, नीट, सीईटी, सीए. या गर्दीत "मला हवामानशास्त्र शिकायचंय, फॉर्म कुठला भरू?" असे विचारणारी एखादीच असते. तिला बहुधा दोनांपैकी एक उत्तर मिळते. एक, "त्यात स्कोप नाही." दोन, "आधी दुसरं काहीतरी शीक, मग बघू." पहिले उत्तर निव्वळ अज्ञानातून येते. दुसरे मात्र, देणाऱ्याच्या नकळत, बरेचसे खरे असते. ही पुस्तिका त्या एखादीच्या हाती पडावी म्हणून काढली आहे, आणि प्रस्तावनेत मला त्या दुसऱ्या उत्तराबद्दलच बोलायचे आहे.

फॉर्मचा प्रश्न आधी निकालात काढू. महाराष्ट्रात बारावीनंतर थेट हवामानशास्त्राची पदवी देणारा अभ्यासक्रम जवळजवळ नाहीच. दार उघडते ते पदवीनंतर. तोवर भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, संगणक किंवा अभियांत्रिकीची एखादी शाखा, यांपैकी कुठेतरी तीन-चार वर्षे काढावी लागतात. पालकांना याची धास्ती वाटते. ज्या रस्त्यावर पाटीच नाही, त्यावर पोरीला सोडायचे कसे? पण या शास्त्रात नाव कमावलेल्यांची चरित्रे चाळून पाहा. जवळजवळ प्रत्येक जण शेजारच्या घरातून आलेला दिसतो.

नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, विशी ओलांडण्याआधीच कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लेबार साहेबांच्या हाताखाली कामाला लागले. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून लोकांच्या लक्षात राहिले. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले तेव्हा त्यांच्या नावावर केंब्रिजचे गणित होते, बूमरँगच्या उड्डाणावरचे काम होते. हवामानाचा अनुभव नव्हता. मॉन्सूनचा आगाऊ अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध हाताने काढवून घेतले, आणि त्यातून प्रशांत महासागराच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबात होणारा झोका सापडला. एल निन्योबद्दल आज आपण बातम्यांत जे ऐकतो त्याचा अर्धा भाग तिथून आला.

ॲना मणी यांची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. त्या केरळच्या, जन्म १९१८ चा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशावर काम केले, शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला. एम.एस्सी. नाही या कारणाने विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. शिष्यवृत्ती मिळवून १९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या. मनात भौतिकशास्त्र होते, पण शिष्यवृत्ती होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. तीच त्यांनी घेतली. १९४८ मध्ये परतल्यावर त्या पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या. शिवाजीनगरचा तो दगडी इमला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणून ओळखतात, कारण खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथे आले होते. त्या काळी साधा तापमापकही परदेशातून यायचा. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के करून ती देशात बनवायची, हे काम मणी यांनी उभे केले. पावसाची नोंद, वाऱ्याचा वेग, सूर्याच्या किरणांची मोजणी, ओझोन: मोजमाप चुकले तर पुढचे सगळे शास्त्र चुकते, हा त्यांचा आग्रह होता. सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांना पुढे जो आधार मिळाला त्यात त्यांनी गोळा केलेल्या आकड्यांचा मोठा वाटा आहे. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. पीएच.डी. अखेरपर्यंत नव्हतीच.

आणि सुलोचना गाडगीळ. त्या पुण्याच्या, १९४४ च्या. फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र, मग उपयोजित गणित, मग हार्वर्ड. १९७० मध्ये पीएच.डी. मिळाली ती सागरी प्रवाहांवरच्या कामासाठी. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम वळणे का घेतो, असला प्रश्न. मॉन्सूनशी त्याचा थेट संबंध नाही. १९७१ मध्ये पुण्याला परतून त्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आपण जिला आयआयटीएम म्हणतो तिथे, काम करू लागल्या. दोन वर्षांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि तिथले वातावरण व सागर विज्ञानाचे केंद्र उभारण्यात त्या आघाडीवर होत्या.

त्यांच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या शाळांत अजूनही त्याच्या अगोदरचीच गोष्ट शिकवली जाते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिथली हवा वर जाते, समुद्रावरची दमट हवा तिची जागा घ्यायला येते आणि पाऊस पडतो. मॉन्सून म्हणजे प्रचंड मोठे खारे वारे. ही कल्पना एडमंड हॅलीची, १६८६ ची. ऐकायला गोड आहे. पण नववीतल्या चौकस मुलानेही विचारावा असा प्रश्न तिच्यात दडलेला आहे: जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, मग पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये का जोर धरतो? आणि ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्या वर्षी तर जमीन नेहमीपेक्षा जास्त तापलेली असते. मग त्या वर्षी पाऊस जास्त का पडत नाही?

सुलोचनाबाई आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची रोजची चित्रे एकापुढे एक लावून पाहिली आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडला. ढगांचा पूर्व-पश्चिम पसरलेला एक पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर तयार होतो, उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो, विरतो, आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तोच खेळ सुरू होतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती वाऱ्यांच्या मिलनाचा जो पट्टा असतो, तोच उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो. आपला मॉन्सून म्हणजे त्याचा मुक्काम. श्रावणात पाऊस चार दिवस दडी मारतो तेव्हा बहुतेक वेळा हा पट्टा जागचा हललेला असतो. २०२५ च्या जुलैत सुलोचनाबाई गेल्या, तेव्हाही पाठ्यपुस्तकांत हॅलीच ठाण मांडून बसला होता.

आता या सर्वांत सामाईक काय? गणित, उपकरणांवरची पकड, आणि एखाद्या नोंदीकडे टक लावून बसण्याची चिकाटी. हवा हा द्रव पदार्थांसारखाच वाहणारा पदार्थ, त्यामुळे तिच्या हालचालीची समीकरणे भौतिकशास्त्राची. ती सोडवायला गणित आणि संगणक. धूर, धूळ, ओझोन यांच्यासाठी रसायनशास्त्र. एवढ्या विषयांची सरमिसळ बारावीनंतरच्या तीन वर्षांत कोंबली तर काहीच धड होणार नाही. म्हणून शेजारच्या घरातून येणे ही अडचण समजू नये. या शास्त्राला माणसे तशीच लागतात.

भाईंदरच्या मुलांना एक सोय आहे, जी पुण्याच्याही मुलांना नाही. त्यांच्या दाराशी समुद्र, खाडी, मिठागरे आणि डोंगर एकत्र आहेत. पालिकेचे क्षेत्र जेमतेम ७९ चौरस किलोमीटर, पण उत्तनच्या किनाऱ्यावर, मुर्धा-राईच्या मिठागरांवर आणि काशिमिऱ्याला राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी एकाच दुपारी तीन वेगळ्या हवा असतात. मार्चमध्ये खारे वारे किती वाजता सुरू होतात यावर मुंबई परिसराचा पारा ठरतो. पूर्वेकडून वाहणारा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा आत येतो आणि तापमान ३८-४० च्या घरात जाते. उत्तनला तो आधी पोचतो, काशिमिऱ्याला नंतर. किती नंतर? हे मोजायला परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. दोन तापमापक आणि दोन मैत्रिणी पुरतात.

मिठागरांचेही तसेच. ऊन, कोरडी हवा आणि वारा या तिघांच्या मेळाने पाणी उडते आणि मीठ धरते. मेच्या शेवटी आलेल्या वळवाच्या एका सरीने तयार मीठ विरघळते. वेधशाळेत सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या पसरट भांड्यात पाणी ठेवून रोजचे बाष्पीभवन मोजतात. मिठागरातला माणूस तेच पोटासाठी करत आला आहे, फक्त त्याच्या नोंदी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. उत्तन, पाली, चौकच्या तांडेलांकडे वाऱ्याचे आणि लाटांचे जे ज्ञान आहे त्याबद्दल मी इथे भाबडे कौतुक करणार नाही. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेले तेव्हा पिढीजात अनुभव असलेली माणसेही समुद्रात अडकली होती. अरबी समुद्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. जून २०२० मध्ये निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते, लागोपाठ दोन वर्षे. आज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे सापडू शकेल ते कळवते, लाटांचे इशारेही देते. तांडेलाच्या घरातल्या मुलीला गणित आले तर तिला त्या इशाऱ्याच्या दोन्ही बाजू कळतील. असे लोक फार थोडे आहेत.

शहराला अशा माणसांची गरज किती, याला २६ जुलै २००५ चे दोन आकडे पुरेत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७३. एकाच मुंबईत. त्या दिवशी शहरात डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाब्याला आहे, आणि २०२२ पासून वेरावलीलाही. तरी भाईंदरकराची एक अडचण उरतेच. इशारे निघतात जिल्हावार. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्हा उत्तनच्या खडकांपासून माळशेजच्या पायथ्याच्या मुरबाडपर्यंत पसरलेला आहे. ठाण्याला ऑरेंज अलर्ट लागतो, पाऊस शहापुरात कोसळतो, आणि भाईंदर स्टेशनवर लोक कोरडी छत्री झटकत वेधशाळेच्या नावाने विनोद करतात. विनोद जुना आहे. चूक अंदाजाची कमी, नकाशाच्या रेषेची जास्त.

ही रेष बारीक होत चालली आहे. २६ मे २०२५ रोजी मॉन्सून मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून; गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. योगायोगाने त्याच दिवशी दिल्लीत 'भारत फोरकास्ट सिस्टीम'चे उद्घाटन झाले. पुण्याच्या आयआयटीएममध्ये तयार झालेले हे प्रारूप पृथ्वीचे सहा किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते. आधी ते बारा किलोमीटरचे होते. आपल्या पालिकेच्या वाट्याला त्यातले दोन-तीन चौकोन येतात. म्हणजे उत्तन आणि काशिमिरा यांच्यात फरक करायला संगणकाने नुकती कुठे सुरुवात केली आहे. त्या चौकोनाच्या आत काय चालते हे सांगायला अजून माणसेच लागतील.

आता वाटेबद्दल. पदवीनंतर सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाशशास्त्र विभाग. आयसर पुण्यात पृथ्वी आणि हवामानविज्ञान शिकता येते. पवईच्या आयआयटीत हवामानबदलाच्या अभ्यासावर संशोधन चालते, दिल्लीच्या आयआयटीत वातावरणशास्त्राचे जुने केंद्र आहे, बंगळूरचे वर आलेच. कोची आणि विशाखापट्टणमची विद्यापीठेही या विषयासाठी ओळखली जातात. मराठी मुले तिकडे फारशी जात नाहीत, ती जावीत. गेट परीक्षेत अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरमध्ये वातावरण आणि सागर विज्ञानाचा स्वतंत्र भाग घेता येतो, नेटमध्येही या विषयाचा गट आहे. हे क्लासवाल्यांना बहुधा ठाऊक नसते.

नोकरीचा दुसरा रस्ता हवामान खात्याचा. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्यात वैज्ञानिक सहायकाची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून होते. भौतिकशास्त्राची, किंवा संगणक वा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी चालते. निवड झाल्यावर खाते स्वतः शिकवते. त्याची प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे. भरती दरवर्षी निघत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मूळ वेतन सातव्या आयोगाच्या सहाव्या स्तराचे, म्हणजे ३५,४०० पासून, वर भत्ते. नेमणूक देशात कुठेही. आणि कामाला रात्र-दिवस नाही. जगभरच्या वेधशाळा वातावरणात फुगे सोडतात ते एकाच ठरलेल्या वेळी, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी. भाईंदरहून पहाटेची लोकल भरून निघते त्या सुमारास सांताक्रूझच्या फुग्याचे यंत्र वर चढत तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत असते. दिवाळी असो वा अतिवृष्टी. अतिवृष्टीला तर जास्तच.

हवाई दलाची हवामान शाखा आहे, नौदलाला हवामान अधिकारी लागतात. खासगी क्षेत्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत फरक पडला. पवन आणि सौर ऊर्जा कंपन्यांना दर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने किती वीज निघेल ते आदल्या दिवशी सांगावे लागते, चुकले तर दंड. त्यासाठी वाऱ्याचा आणि ढगांचा अंदाज करणारी माणसे ठेवावी लागतात. हवामानावर आधारित पीक विम्याचे दावे महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदींवर ठरतात. तरीही हवामानबदलाच्या नावाने ज्या लाखो नोकऱ्यांचे स्वप्न सध्या परिसंवादांतून दाखवले जाते त्यावर भरवसा ठेवू नये. जागा मोजक्या आहेत आणि त्या गणित आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्यालाच मिळतात. हवामानाची मोठी प्रारूपे अजूनही फोरट्रानमध्ये लिहिलेली आहेत. पायथन येते म्हणून फोरट्रानला नाक मुरडणाऱ्याचे पहिले सहा महिने अवघड जातात.

अकरावी-बारावीत काय करावे, असे मला विचारले तर दोनच गोष्टी सांगेन. गणित सोडू नका. मेडिकलच्या तयारीसाठी गणित सोडून जीवशास्त्र ठेवणाऱ्या मुली नंतर इकडे वळायचे ठरवतात आणि अडतात, हे फार वेळा घडते. आणि पाऊस मोजा. सरळ भिंतींची, वरपासून खालपर्यंत सारख्या व्यासाची बरणी गच्चीवर, भिंती आणि टाक्यांपासून दूर ठेवा, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून लिहा. साडेआठच का? देशभरातल्या वेधशाळा त्याच वेळी नोंद घेतात. वर्तमानपत्रात छापलेले 'गेल्या चोवीस तासांत' हे त्या साडेआठपर्यंतचे असते. ६४.५ मिलिमीटरला खाते 'जोरदार पाऊस' म्हणते, २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. आपल्या बरणीचा आकडा सांताक्रूझच्या आकड्याशेजारी लिहीत गेलात तर ऑगस्टपर्यंत तुमच्याकडे असे काही जमेल जे भाईंदर पश्चिमेच्या त्या गल्लीबद्दल दुसऱ्या कुणाकडेही नसेल. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या. प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा तिच्यावर जास्त प्रश्न विचारले जातील.

पुस्तिकेची मांडणी संपादकांनी अवघडाकडून सोप्याकडे केली आहे. गणिताचे प्रकरण पहिले, उत्तन आणि मुर्ध्यातल्या लोकांशी झालेल्या गप्पा शेवटी. मी उलट क्रमाने वाचली आणि तशी ती जास्त रुचली. संस्थांच्या प्रवेशाच्या अटी आणि अर्जाच्या मुदती दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या पानांवरची माहिती वापरण्याआधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्यावी.